उद्याच्या विजेची बोली

सकाळी 7. काठमांडूहून दाजूंचा फोन. तिकडे मोठ्या भावाला दाजू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. रात्रभर पाऊस झालाय, नदी गढूळ आहे. पाणी भरपूर म्हणजे वीज भरपूर, असं नसतं. पुरातली वाळू टर्बाइनची पाती खरवडते. गाळ फार वाढला की संच बंदच ठेवावा लागतो. नेपाळची जलविद्युत भारताच्या वीजबाजारात विकणं हे आमचं काम. दाजू एकेका प्रकल्पाचा उद्याचा अंदाज सांगतात, मी दिल्लीत तक्त्यात भरते.

9 वाजता तक्ता तपासते. दिवसाचे 96 रकाने, प्रत्येक 15 मिनिटांचा. नेपाळचं घड्याळही आपल्यापेक्षा नेमकं 15 मिनिटं पुढे. बाजार चालतो भारतीय वेळेवर, त्यामुळे सगळे आकडे एक घर सरकवावे लागतात.

10 ते 12, उद्यासाठी बोली. दुपारी राजस्थान-गुजरातच्या सौर विजेमुळे भाव पडलेले. सूर्य मावळला की चढतात, कधी युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत.

दुपारी निकाल. विकलेली वीज ढल्केबर–मुझफ्फरपूर लाइनवरून येणार. ही लाइन 2016 साली सुरू झाली, तेव्हा वीज भारतातून नेपाळकडे जायची. त्याआधी काठमांडूने हिवाळ्यात सोळा-सोळा तासांचं भारनियमन सोसलं होतं. हिवाळ्यात नेपाळ आजही आपल्याकडून वीज घेतो. पण नोव्हेंबर 2021 पासून तो या बाजारात विकूही लागला. पलीकडे गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर पुढचा प्रकल्प उभारायचं बळ येतं. माझ्या मते वाढ अशीच सीमा ओलांडते: आधी तार, मग बाजार, मग नवे प्रकल्प.

4 वाजता बांगलादेशला जाणाऱ्या नेपाळी विजेचं वेळापत्रक. करार फक्त 40 मेगावॅटचा, तोही पावसाळ्यापुरता. 15 नोव्हेंबर 2024 ला ती वीज पहिल्यांदा भारताच्या ग्रिडमधून तिकडे पोचली. आकडा लहान आहे, पण तीन देशांच्या सह्या मिळवायला वर्षं गेली.

संध्याकाळी 7. मागणी शिगेला, आणि मला अप्पर तामाकोशी आठवतो. 456 मेगावॅट. पाऊस ओसरला की दिवसा पाणी अडवून ते नेमकं या वेळी सोडू शकणारा, नेपाळी माणसांच्या बचतीतून उभा राहिलेला प्रकल्प. बांधकामाचं कंत्राट चिनी कंपनीकडे होतं, म्हणून त्याची वीज भारतात विकायला मंजुरी नाही. सुरक्षेची काळजी मी समजू शकते. पण बांधणारे केव्हाच परत गेले, नदी नेपाळची आहे, आणि या घडीला आपण कोळसा जाळतोय. हा नियम बदलायला हवा.