वर्गणीतून ब्लू-रे ड्राइव्ह घेण्याआधी संगणक तपासा

जयंतीला किंवा वर्षावासात विहारात एखादा चित्रपट दाखवावा, असे बऱ्याच वस्त्यांमधली तरुण मंडळे ठरवतात. अशा यादीत स्पाइक ली यांचा १९९२ चा ‘माल्कम एक्स’ असायलाच हवा. आपल्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, आणि त्या चळवळीच्या मागे माल्कम एक्स यांचा विचार होता. समजा, परदेशी नोकरी करणाऱ्या कुणी या चित्रपटाची ब्लू-रे डिस्क पाठवली. लगेच ‘ड्राइव्ह घेऊन टाकू’ असा ठराव होतो. पैसे मात्र वर्गणीचे असतात. म्हणून आधी संगणक तपासावा.

पहिली गोष्ट ड्राइव्हची. डीव्हीडीचा ड्राइव्ह ब्लू-रे वाचूच शकत नाही. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. त्यामुळे एका थरात डीव्हीडीवर ४.७ जीबी मावते, तर ब्लू-रेवर २५ जीबी. ड्राइव्हच्या तोंडावर ब्लू-रेचे चिन्ह शोधा किंवा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावात ‘बीडी’ ही अक्षरे आहेत का ते पाहा. फक्त ‘डीव्हीडी आरडब्ल्यू’ असेल तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह घ्यावा लागेल.

खरी अडचण त्यानंतर येते. विंडोजमध्ये ब्लू-रे चित्रपट चालवायची सोय मुळातच नाही. मोफत मिळणारा व्हीएलसी प्लेअर डीव्हीडी सहज चालवतो. पण बाजारातल्या ब्लू-रे चित्रपटांवर एएसीएस नावाचे कुलूप असते आणि त्याच्या किल्ल्या व्हीएलसीसोबत येत नाहीत. त्यासाठी पॉवरडीव्हीडीसारखे विकतचे सॉफ्टवेअर लागते. काही ड्राइव्हसोबत ते मिळते, पण जुनी आवृत्ती नव्या डिस्कवर अडू शकते, तेव्हा इंटरनेट जोडून ते अद्ययावत करून घ्या. दुकानदार ‘क्रॅक टाकून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. त्याच संगणकात मंडळाचा हिशेब आणि सभासदांची माहिती असते.

तिसरा मुद्दा केबलचा आणि पडद्याचा. इथेच बरेच जण फसतात. ब्लू-रेचे चित्र बाहेर पाठवताना संगणक आणि पडदा या दोघांनी एचडीसीपी हे संरक्षण पाळावे लागते, म्हणजे जोडणी एचडीएमआयसारखी डिजिटल हवी. विहारातल्या जुन्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए असेल तर लॅपटॉपवर चालणारा चित्रपट भिंतीवर बहुधा दिसणारच नाही. स्वस्तातला कन्व्हर्टरही इथे दगा देतो. शिवाय असा प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा असेल तर ब्लू-रेचे १९२० बाय १०८० ठिपके त्यावर उमटतच नाहीत. तिथे डीव्हीडीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या पैशांत चांगला स्पीकर आणा. मागे बसलेल्या आजीला संवाद तरी ऐकू येतील.

परदेशी डिस्कवर विभागाचे अक्षरही पाहा. अमेरिका ‘ए’ विभागात येते, युरोप ‘बी’त आणि भारत ‘सी’त. काही डिस्क सगळीकडे चालतात, काही नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये विभाग बदलता येतो, पण ठरावीक वेळाच, म्हणून उगाच बदलून पाहू नका.

फोर-के डिस्कच्या फंदात तर पडूच नये. विंडोजवर ती चालवायला इंटेलच्या सातव्या ते दहाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरांतली एसजीएक्स सुविधा लागते. अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांतून ती काढून टाकली. म्हणजे नवा संगणक घेतला तरी तो उपयोगी पडत नाही! फोर-केच्या खोक्यात बऱ्याचदा साधी ब्लू-रेही असते, ती वापरा.

ड्राइव्ह विकत घेण्याआधी एखाद्याचा ओळखीतून मागून आणा. तीच डिस्क, तोच लॅपटॉप आणि विहारातलाच प्रोजेक्टर जोडून चित्रपट निदान अर्धा तास चालवून पाहा. अशा डिस्कचा परवाना घरी पाहण्यापुरता असतो, म्हणून जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी मागा. ती मिळायला वेळ लागतो, तेव्हा पत्रक छापायच्या आधीच अर्ज करा.