१८ हजारांची वायर खरंच ऐकू येते का?

(एपिसोडचा लिखित भाग. बोलताना झालेलं ‘अं… म्हणजे…’ काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

मागच्या एपिसोडनंतर सातपूरच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. बोनस मिळालाय, ८० हजारांचं बजेट आहे, घरात पहिल्यांदाच नीट म्युझिक सिस्टीम घ्यायची आहे. डीलरने दिलेल्या कोटेशनमध्ये १८ हजार नुसत्या वायरींचे आहेत. स्पीकरची वायर, एक जाडजूड पॉवर केबल आणि एक ‘ऑडिओफाइल ग्रेड’ यूएसबी केबल. प्रश्न एका ओळीचा होता: “दादा, घेऊ का?”

नको घेऊस. एका शब्दाचं उत्तर आहे. पण मग एपिसोड कशाला? तर डीलर फसवतोय असं मला वाटत नाही, म्हणून. त्याला स्वतःला तो फरक ऐकू येत असणार. जगभर हजारो शौकिनांना येतो. जपानमध्ये तर काही लोकांनी वीज ‘शुद्ध’ मिळावी म्हणून घरापाशी स्वतःचा विजेचा खांब उभारून घेतलाय. ही माणसं वेडी नाहीत, खोटंही बोलत नाहीत. मग त्यांना जे ऐकू येतं ते नक्की काय असतं?

आधी एक किस्सा, कारण तो या दुनियेत खूप गाजला. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी आहे, शौकीन तिला प्रेमाने ‘मोफाय’ म्हणतात. जुन्या अल्बमच्या महागड्या एलपी काढते. काहींची किंमत १२५ डॉलर. लोक त्या घ्यायचे, कारण त्या मूळ टेपवरून थेट, मध्ये डिजिटल काहीही न येता बनतात असा सगळ्यांचा समज होता, आणि कंपनीने तो कधी खोडून काढला नाही. मग कंपनीने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४० हजार प्रती जाहीर केल्या. जाणकारांना शंका आली. ज्या पद्धतीने या एलपी बनतात त्यात इतक्या प्रतींसाठी मूळ टेप पुन्हा पुन्हा चालवावी लागेल, आणि ‘थ्रिलर’ची मूळ टेप इतकी कोण झिजू देईल? जुलै २०२२ मध्ये माइक एस्पोझिटो या रेकॉर्ड दुकानदाराने कंपनीच्या इंजिनिअरांचीच मुलाखत घेतली, आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की २०११ पासून आमच्या अनेक एलपींमध्ये डिजिटल टप्पा आहे.

आता बघा, डिजिटल म्हटलं की ज्यांचे कान दुखायचे, त्याच लोकांनी दहा-अकरा वर्षं या एलपींना ‘अॅनालॉगची ऊब’ म्हणून डोक्यावर घेतलं होतं. कानांनी तक्रार केली नाही. शंका आली ती गणितामुळे, ४० हजार या आकड्यामुळे. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

कान आणि डोळे वेगवेगळं काम करत नाहीत. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी ४० लोकांना चार स्पीकर ऐकवले. एकदा दिसत असताना, एकदा पडद्यामागे. दिसत असताना मोठे, रुबाबदार स्पीकर वर गेले आणि छोटा स्वस्त सेट खाली. पडद्यामागे तो छोटा सेट चांगलाच वर आला. आणखी एक गंमत होती. पडद्यामागे स्पीकरची जागा बदलली की लोकांचे मार्क बदलायचे. डोळ्यांनी बघत असताना जागेचा तेवढा फरक पडायचा नाही. म्हणजे बघण्याने कान नुसते फसत नाहीत, खरा फरक ऐकायचेही कमी होतात. हे जागेचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या नाशिकचं. इंदिरानगरला माझ्या मित्राचे वडील राहतात. त्यांना आपण नुसतं काका म्हणू. निवृत्त आहेत, नाट्यसंगीताचे आणि तबल्याचे जबरदस्त शौकीन, घरात शे-दीडशे एलपी. तबल्याच्या बायाँवर बोट कसं घासलं हे ऐकून वादक ओळखतात. मी त्यांच्या कानांबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. त्यांनी पाच आकडी किमतीची स्पीकर वायर घेतली आणि मला बोलावलं. “अरे ऐक, ऐक. तबला कसा मोकळा झालाय बघ. आधी गोणपाटातून यायचा.”

मी म्हटलं, “काका, एक खेळ खेळू या का?”

खेळ असा. गाणी काकांची, खुर्ची काकांची, घाई अजिबात नाही. मित्र पडद्यामागे बसणार, नाणं उडवणार आणि छापा-काट्यानुसार महागडी वायर किंवा साधी वायर जोडणार. मी त्याला दिसणार नाही, तो काकांना दिसणार नाही. काकांनी फक्त सांगायचं, कुठली. अशा १६ फेऱ्या, दोन रविवारांत मिळून. १६ का? नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. तेव्हा १२ आले तर मी कान पकडणार, असं ठरलं होतं. दोन्हींचा आवाज सारखा आहे ना हेही मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर मोजून घेतलं, कारण पाव-अर्धा डेसिबल जास्त असलेला आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. शोरूममधल्या निम्म्या चमत्कारांचं मूळ तिथे असावं असा माझा अंदाज आहे.

काकांचे १६ पैकी ९ बरोबर आले.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण मला ऐकू येत होता रे फरक.” येतच होता. तुम्ही नवीन वायर लावता, समोर बसता, फोन बाजूला ठेवता आणि आयुष्यात पहिल्यांदा बायाँकडे तेवढं लक्ष देता. लक्ष दिल्यावर बायाँ खरंच वेगळा ऐकू येतो. फक्त त्याचं श्रेय तांब्याला जातं.

वायरीचं गणित इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. एका मीटरला साधारण ७ मिलिओहम रोध. स्पीकर ३ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.०४ ओहमच्या आसपास. स्पीकर ८ ओहमचा. आवाजातली घट येते ०.०५ डेसिबल. शांत खोलीत पूर्ण लक्ष देऊनही एक डेसिबलच्या काही दशांशाखाली माणसाला पत्ता लागत नाही, आणि हे त्याच्याही खूप खाली आहे. वायर फार बारीक आणि फार लांब असेल तर मात्र फरक पडतो, त्यामुळे केसासारखी वायर लावू नका.

यूएसबी केबलची गोष्ट आणखी सोपी. त्यातून आकडे जातात. आकडा चुकला तर ‘कट’ असा आवाज येतो किंवा गाणं मध्येच तुटतं. आकडा चुकला म्हणून गायकाचा आवाज ‘थोडा कोरडा’ होत नाही. स्ट्रीमिंगमध्ये तर डेटा कुठल्या कुठल्या राउटरमधून उड्या मारत गंगापूर रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पोचतो, प्रत्येक पॅकेट तपासलं जातं, चुकलेलं परत मागवलं जातं. हे रोज कोडमध्ये बघणाऱ्या माणसाला शेवटच्या एका मीटरच्या सोनेरी केबलबद्दल काही विचारू नका, हसू येतं. पॉवर केबलऐवजी चांगलं अर्थिंग करून घ्या. स्पीकरमधून सतत बारीक ‘हूंऽऽ’ येत असेल तर ती बहुतेक वेळा ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर असते आणि ती खरी असते. सर्ज प्रोटेक्टरही घ्या, पण उपकरण वाचावं म्हणून. आवाज सुधारेल म्हणून नाही.

मग फरक कुठे आहे? खोलीत.

काकांची खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत प्लास्टर, एक मोठी काच. नाशिकमधल्या बहुतेक फ्लॅटची बेडरूम अशीच. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक लांबीची लाट अडकते आणि घुमते. १० फुटांसाठी ती येते ५६ हर्ट्झच्या आसपास, १२ फुटांसाठी ४७ च्या. आणि इथे रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असल्यामुळे ५६ वर दोन लाटा एकमेकींवर बसतात. बायाँचा घुमारा, पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज या परिसराच्या जवळपासच असतो. काकांचा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, जिथे खालचा आवाज सगळ्यात जास्त फुगतो. मी रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक मापनाचा माइक घेऊन बसलो, तर त्या भागात १२ डेसिबलच्या आसपास उंचवटा दिसला. वायर ०.०५, खोली १२. गोणपाट कुठे होतं ते यावरून कळेल.

सोफा भिंतीपासून साडेतीन फूट पुढे घेतला, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले, बाजूच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आलं, खाली जाड सतरंजी. उंचवटा निम्म्यावर आला. सतरंजी आणि पडदे वरचा चरचरीतपणा कमी करतात, बासला त्यांचा उपयोग नाही. बाससाठी जागाच बदलावी लागते. (एपिसोडमध्ये १४व्या मिनिटाला आधीची आणि नंतरची क्लिप आहे, हेडफोन लावून ऐका.)

शौकिनांच्या प्रत्येक गोष्टीत एक बायको असते, जी काही माहीत नसताना स्वयंपाकघरातून ओरडून विचारते, “आज काय बदललंत हो?” आमच्या काकू ओरडल्या नाहीत. त्या बाहेर आल्या, सोफा बघितला आणि म्हणाल्या, “हा खोलीच्या मधोमध राहणार आहे का आता?” वाटाघाटी चालू आहेत.

आता शौकिनांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण फोरमवर त्यांची टिंगल करणारे लोकही मला तितकेच कंटाळवाणे वाटतात. स्पीकरमधले फरक खरे असतात आणि मोठे असतात. आपल्या पुण्याच्या कॅडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले आणि ते परदेशातल्या शौकिनांपर्यंत गेले. यात कागदाचा कोन नसतो. दोन छिद्रांच्या धातूच्या पत्र्यांमध्ये विद्युतभारित पातळ पडदा असतो, आणि पत्र्यांवरचा सिग्नल त्याला पुढे-मागे ढकलतो. पडदा इतका हलका की तारेवरची मिंड, श्वास, सगळं वेगळंच उलगडतं. हा फरक डोळे मिटूनही कळतो. त्यावर पैसे खर्च करणाऱ्याला मी काही बोलणार नाही.

हाय-रेझचं प्रकरण मधलं आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी महागड्या हाय-रेझ डिस्क आणि त्यांचंच सीडीच्या दर्जाला उतरवलेलं रूप लोकांना आंधळेपणाने ऐकवलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे छापा-काटाच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा उत्तर ५२.३ टक्के आलं. म्हणजे काहीतरी आहे, पण शंभरात दोन-अडीच इतकं. त्यासाठी महिन्याचं सबस्क्रिप्शन वाढवायचं का, तुमचं तुम्ही ठरवा.

आणि रेकॉर्डिंग. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची. त्यांच्या जगातलं बोलणं असतं ते कुठली तबकडी, कुठल्या सालची, लेबलवरचा नंबर काय, गायकाने ही बंदिश आणखी कुठे गायली. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते, वरचे सूर धड उमटलेले नसतात, खरखर असते, तरी माणसं रडतात. वायरवर रात्र रात्र भांडणाऱ्यांपेक्षा मला ही मंडळी संगीताच्या जास्त जवळ वाटतात. एकाच अल्बमची जुनी सीडी आणि नवी ‘रिमास्टर्ड’ आवृत्ती लावून बघा. नवीत अनेकदा सगळं दाबून एकसारखं मोठं केलेलं असतं. हा फरक कुठल्याही केबलच्या कितीतरी पट असतो आणि फुकट ऐकता येतो.

तर सातपूरच्या मित्रा, ते १८ हजार स्पीकरमध्ये घाल. डीलरला सांग, स्पीकर घरी आणून दोन दिवस ऐकायचेत. तो नाही म्हणाला तर दुसरा डीलर बघ. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून मीटरवर घे.

आणि तुमच्यातले बहुतेक जण हे बसमध्ये किंवा झोपताना इअरफोनवर ऐकताय, तुम्हाला खोलीचा त्रासच नाही. तुमची खोली म्हणजे तुमचा कान. रबराची टोपी कानात नीट बसली नाही की बास गळून जातो, आणि लोक ब्लूटूथच्या कोडेकला शिव्या देतात. डब्यात तीन मापांच्या टोप्या येतात, त्यातल्या दोन आयुष्यभर डब्यातच राहतात. आज तिन्ही लावून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागू शकतं, मला लागतं. हा एपिसोड तसाही ९६ केबीपीएसमध्ये आहे, त्यामुळे माझ्या आवाजात ‘ऊब’ वाटली तर ती कशामुळे, ते कळवा.