हेब्बाळमधील निरोप

देवनहळ्ळीच्या विमानतळावरून बंगळुरूत शिरताना आधी यलहंका लागते आणि मग हेब्बाळचा उड्डाणपूल. तेथून जाताना मला दरवेळी २९ नोव्हेंबर २००८ आठवतो. त्या दिवशी मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्यावर हेब्बाळच्या स्मशानभूमीत लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. आदल्याच दिवशी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांना वीरमरण आले होते. वय ३१, आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. वडील ‘इस्रो’तून निवृत्त झालेले, घर यलहंक्याजवळच.

ताजमध्ये जखमी सहकाऱ्याला बाहेर काढण्याची व्यवस्था त्यांनी आधी केली, इतरांना वर न येण्यास बजावले आणि एकट्याने हल्लेखोरांचा पाठलाग केला. २००९च्या प्रजासत्ताकदिनी त्यांच्या मातोश्री धनलक्ष्मी यांनी मरणोत्तर अशोकचक्र स्वीकारले. त्याच दिवशी करकरे, कामटे, साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांनाही हा सन्मान मिळाला, हे मराठी वाचकांना सांगावयास नको.

अशा अधिकाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आपण फार ढोबळपणे बोलतो. लष्करात श्रद्धेचा अर्थ थोडा निराळा आहे. संदीप मूळचे कोळिकोडचे, वाढले बंगळुरूत आणि १९९९मध्ये दाखल झाले बिहार रेजिमेंटच्या सातव्या बटालियनमध्ये. त्या रेजिमेंटच्या रणघोषात बजरंगबली आहे, तसा बिरसा मुंडाही. अधिकाऱ्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो, जवानांच्या सणाला तो त्यांच्या पंगतीत असतो. अनेक छावण्यांत तर सर्व धर्मांचे एकच प्रार्थनास्थळ असते. राष्ट्रीय एकात्मतेवरील आपल्या परिसंवादांपेक्षा मला ही व्यवस्था अधिक विश्वासार्ह वाटते.

बंगळुरूचेच कर्नल वसंत वेणुगोपाल यांचेही उदाहरण असेच. हा कन्नड मातीतला अधिकारी नवव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा प्रमुख होता. छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार करणाऱ्या जवानांचे नेतृत्व करताना ३१ जुलै २००७ रोजी उरी क्षेत्रात ते हुतात्मा झाले. त्यांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पत्नी सुभाषिनी वसंत यांनी पुढे ‘वसंतरत्न’ प्रतिष्ठान उभारले आणि हुतात्म्यांच्या कुटुंबीयांसाठी काम सुरू केले. एका वीरपत्नीने आपले दुःख सावरत हे करावे, याचे कौतुक करताना मला संकोचही वाटतो. हे काम मुळात कोणाचे?

मुंबई हल्ल्यानंतर शासनाने सुरक्षेचे धडे घेतले. मानेसरहून कमांडो पोहोचण्यास लागलेला वेळ टोचला आणि २००९मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाची केंद्रे झाली. कुटुंबांबाबत मात्र अशी निकड क्वचितच दिसते. मदतीची घोषणा अंत्यसंस्काराच्या दिवशी होते. निवृत्तिवेतन, वारसदाखला, मुलांचे शिक्षण, सून आणि सासूसासरे यांच्यातील हक्कवाटप हे प्रश्न नंतर वर्षानुवर्षे चालतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रत्येक हुतात्म्याच्या कुटुंबासाठी एकच जबाबदार कर्मचारी नेमावा आणि किमान काही वर्षे तो बदलू नये, एवढी साधी मागणी आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

यलहंक्यातील एका रस्त्याला आता मेजर संदीप यांचे नाव आहे. मागच्या खेपेस माझ्या टॅक्सीचालकाने ते उच्चारताना ‘मेजर’ शब्द गाळला नाही.