आत गेलेला इसब

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. मराठवाडा इथे संपत येतो आणि पुढे विदर्भ सुरू होतो. सीमेच्या अलीकडे-पलीकडे बोलीचा सूर थोडा बदलतो, पण एक वाक्य दोन्हीकडे सारखेच ऐकू येते. लेकराच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत खाज सुटली, कातडी लाल होऊन पाझरू लागली, की शेजारची जाणती बाई आईला सांगते, "मलम नको लावू बाई, आत दाबलं जाईल अन् मंग दमा लागंल." होमिओपॅथीच्या दवाखान्यातही जवळपास हेच सांगितले जाते, फक्त थोड्या शास्त्रीय शब्दांत. हे वाक्य आले कुठून आणि त्यात खरे किती, याचा मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचून मागोवा घेत आहे. मी वैद्यकाचा पदवीधर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम शब्दांचा गुंता. मराठीत या रोगाला इसब हा चांगला जुना शब्द आहे. पण व्यवहारात इसब, नायटा, गजकर्ण आणि खरूज हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा रोग आहे. खरूज ही कातडीत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते आणि घरभर पसरते. इसब यांपैकी काहीच नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, घराण्यात चालत येतो, आणि बहुतेक वेळा मूल वर्षाचे होण्याच्या आतच गालांवर उमटतो. इसबावर उपयोगी पडणारे स्टेरॉइडचे मलम नायट्यावर लावले तर बुरशी फोफावते. म्हणून शब्दांची ही सरमिसळ वाटते तितकी निरुपद्रवी नाही. पुढे दिसेल की होमिओपॅथीच्या मुळाशीही अशीच एक सरमिसळ आहे.

'आत जाणे' ही कल्पना आपल्याकडे होमिओपॅथीच्या आधीची असावी, असे मला वाटते. गोवर नीट 'बाहेर पडला' पाहिजे, तो अर्धवट राहून आत गेला तर मूल दगावते, ही भीती आपल्या आज्यांना होती. ती बिनबुडाची नव्हती. गोवराच्या मागून येणाऱ्या न्यूमोनियाने मुले खरोखरच दगावत. पुरळ मावळला आणि छाती भरली, एवढे डोळ्यांना दिसे, आणि त्यातून पुरळच आत गेला असा अर्थ निघे. अंगातली उष्णता कातडीवाटे बाहेर पडते, हे तर आपण आजही बोलतो. अशा जमिनीत जर्मनीहून आलेले बी रुजले नसते तरच नवल.

ते बी साम्युएल हानेमान यांचे. त्यांचा जन्म १७५५चा, सॅक्सनीतल्या माइसेन गावचा. १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन त्यांनी हिवतापासारखी लक्षणे अनुभवली आणि 'समानाने समान बरे होते' या तत्त्वाकडे ते वळले. १८१० मध्ये 'ऑर्गेनॉन' प्रसिद्ध झाले. पण इसबाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुस्तक १८२८चे, जुनाट रोगांवरचे. आपल्या औषधांनी बरे वाटलेले रोगी काही काळाने पुन्हा आजारी का पडतात, हा प्रश्न त्यांना छळत होता. बारा वर्षांच्या विचारानंतर त्यांनी दिलेले उत्तर असे, की बहुतेक जुनाट रोगांच्या मुळाशी 'सोरा' नावाचा एकच दोष असतो. सोरा म्हणजे मुळात खाज, खरूज. जुनाट रोगांपैकी आठात सात भाग या सोऱ्याचे, असा त्यांचा हिशेब होता. कातडीवरची खाज वरवरच्या लेपाने घालवली की दोष आत शिरतो आणि दमा, जलोदर, फेफरे अशा रूपांनी बाहेर येतो, असे त्यांनी मांडले. पुराव्यादाखल जुन्या वैद्यांच्या ग्रंथांतून अशा रोग्यांची लांबलचक जंत्री दिली.

आता सरमिसळ पाहा. या जंत्रीत खरूज, इसब, डोक्यातली खवडे सगळे एकाच 'खाजेच्या' पोत्यात भरलेले आहे. खरजेचा किडा इटलीत बोनोमो आणि चेस्टोनी यांनी १६८७ मध्येच वर्णिला होता, पण वैद्यांनी तो मनावर घेतला नाही. १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर तो काढून दाखवला तेव्हा वाद मिटला. म्हणजे सोऱ्याचे पुस्तक आले तेव्हा खरजेचे कारण सर्वमान्य व्हायला अजून सहा वर्षे अवकाश होता. किडा मारला की खरूज जाते. आत काही जात नाही. सोऱ्याचा अर्धा डोलारा तिथेच कोसळायला हवा होता. पण तोवर सिद्धान्ताला अनुयायी मिळाले होते. पुढे कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी रोग बरा होण्याची दिशाच ठरवून दिली: आतून बाहेर, वरून खाली. दमा कमी झाला आणि इसब पुन्हा उमटला तर ते शुभलक्षण. आजही आपल्याकडच्या दवाखान्यांत इसबासाठी ग्रॅफाइटिस, सल्फर ही औषधे देताना हेच तत्त्व सांगितले जाते, आणि सोरिनम नावाचे औषध तर खरजेच्या फोडातल्या द्रवापासून बनवण्याची परंपरा आहे.

मात्र एक गोष्ट हानेमान यांना आणि आपल्या शेजारणीलाही द्यावीच लागेल. इसबामागून दमा येतो, हे निरीक्षण खरे आहे. तान्ह्या वयात इसब, मग अंड्याची किंवा दुधाची ॲलर्जी, मग शाळेच्या वयात शिंका आणि दमा, अशी रांग अनेक मुलांत दिसते. सगळ्यांत नाही, पण ज्यांचा इसब लवकर सुरू होतो आणि जोरदार असतो त्यांच्यात जास्त. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. एकाच घराण्यात इसब, दमा आणि शिंका का नांदतात यासाठी 'ॲटोपी' हा शब्द १९२३ मध्ये आला. रांग सगळ्यांना दिसत होती. ती कशी चालते, हे उलगडायला एकविसावे शतक लागले.

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवले, की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्यांना इसब होण्याचा धोका बराच वाढतो. फिलॅग्रिन हे कातडीच्या वरच्या थराचे लिंपण. कुडाच्या भिंतीचे लिंपण उडाले की आतला ओलावा जातो आणि बाहेरचे किडे-मुंग्या आत येतात, तसेच इथे. कातडी कोरडी पडते आणि धूळ, अन्नाचे कण, जंतू फटींतून आत शिरतात. आत पहाऱ्यावर असलेल्या पेशी त्यांना शत्रू समजून नोंद करून ठेवतात. पुढे तोच पदार्थ तोंडाने किंवा श्वासाने आला की शरीर त्याच्यावर तुटून पडते. लंडनचे डॉ. गिडियन लॅक यांनी २००३ मध्ये दाखवले, की ज्या बाळांच्या सुजलेल्या, फुटलेल्या कातडीला शेंगदाणा तेल असलेले मलम लावले गेले, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. २०१५ मध्ये त्यांच्याच गटाने ६४० बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या या बाळांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला, निम्म्यांना टाळायला लावला. पाच वर्षांची होईपर्यंत टाळणाऱ्यांत ॲलर्जी झालेल्यांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होते, खाणाऱ्यांत तीन टक्क्यांच्या. तोंडावाटे ओळख झाली तर शरीर सोसते. फुटक्या कातडीवाटे झाली तर वैर धरते.

म्हणजे 'आत जाते' हे खरेच. पण मलमाने दाबलेला रोग आत जात नाही. उघड्या राहिलेल्या इसबातून बाहेरचे जग आत जाते. शेजारणीच्या वाक्यातले निरीक्षण बरोबर, दिशाही बरोबर, आणि सल्ला नेमका उलटा. यात उत्साहाच्या भरात वाहून जाऊ नये म्हणून हेही सांगतो: जन्मल्यापासून सगळ्या बाळांना नुसते स्निग्ध मलम चोपडले तर इसबच होणार नाही, अशी आशा होती. २०२० मध्ये इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या प्रयोगांत ती फोल ठरली. झालेला इसब आटोक्यात ठेवणे, एवढेच हातात आहे.

आता साखरेच्या गोळ्यांकडे. 'तीसची पॉवर' म्हणजे मूळ पदार्थ शंभर पट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा, म्हणजे एकावर साठ शून्ये. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये रेणू असतात सुमारे सहावर तेवीस शून्ये. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपतो. उरलेल्या अठरा पायऱ्या अल्कोहोलमध्ये अल्कोहोल ओतण्याच्या. तरीही गुण येतो की नाही हे अखेर रोग्यांवर पाहूनच ठरवावे, हे मला मान्य आहे. बर्लिनमध्ये इसबाच्या १३५ मुलांचा पाठपुरावा झाला. काही होमिओपॅथीकडे, काही नेहमीच्या उपचारांकडे. वर्षाअखेर दोन्ही गटांत सुधारणा सारखीच, खर्च मात्र होमिओपॅथीच्या बाजूला जास्त. २०१२ मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांनी तोवरचे नियंत्रित अभ्यास तपासून इसबावर होमिओपॅथीचा परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर आपल्या देशात साठ प्रौढ रोग्यांवरच्या एका प्रयोगाने अनुकूल निकाल दिला आहे. साठ माणसे, तीही प्रौढ. तेवढ्यावर मी लेकराची कातडी सोपवणार नाही.

मग इतक्या आयांना गुण आल्याचे का वाटते? इसबाचा स्वभावच भरती-ओहोटीचा. आमच्याकडे थंडीच्या कोरड्या वाऱ्यात तो पेटतो आणि ऋतू पालटला की बसतो. लेकराला दवाखान्यात नेतात ते सगळ्यात वाईट दिवशी. त्यानंतर काहीही दिले तरी थोडा उतार पडणारच. शिवाय बहुतेक मुलांचा इसब वयात येईपर्यंत आपोआप सौम्य होतो. औषध घेऊन वाढला तर 'आधी बाहेर काढतंय', कमी झाला तर 'लागू पडलं'. ज्या सिद्धान्तात हरण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याचा यश-अपयशाचा हिशेब कोण आणि कसा मांडणार?

पण होमिओपॅथीकडे गर्दी का, याचे अर्धे उत्तर दुसऱ्या बाजूच्या दवाखान्यांत आहे. होमिओपॅथीचा डॉक्टर मुलाची झोप, भीती, आवडनिवड अर्धा अर्धा तास विचारतो. दुसरीकडे दोन मिनिटांत एक इंजेक्शन आणि एक ट्यूब. स्टेरॉइडचे मलम १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी इसबावर वापरून दाखवले, आणि त्या रोगाचे रूप बदलले; पण आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र घोटलेल्या ट्यूबा किराणा मालासारख्या विकल्या गेल्या. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोळून चेहऱ्याची कातडी पातळ झालेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांनी इतक्या पाहिल्या, की त्यांच्या संघटनेला मोहीम काढावी लागली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. आईच्या मनातली मलमाची भीती अडाणीपणाची नाही, तर या अनुभवाची आहे. तिला कुणी माप सांगितलेले नसते. माप साधे आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढी मलमाची रेघ, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डॉक्टरने वयाला आणि जागेला साजेसे सौम्य मलम ठरावीक दिवस दिले, आणि आंघोळीनंतर ओल्या अंगावर रोज बिनवासाचे स्निग्ध मलम चोपडले, तर बहुतेक मुलांचे भागते.

दिवाळीच्या अंकात लिहितो आहे म्हणून उटण्याचा उल्लेख हवाच. इसबाच्या लेकराला पहाटे खरखरीत, सुगंधी उटणे घासणे म्हणजे उडालेले लिंपण आणखी खरवडणे. अभ्यंगाचे तेल चालेल. फिलिपिन्समध्ये मुलांवर झालेल्या प्रयोगात शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. शेंगदाणा तेल मात्र फुटलेल्या कातडीला नको. याच दिवसांत आमच्या भागात सोयाबीनची मळणी असते, पुढे हळद शिजवून पॉलिश करताना पिवळी धूळ उडते; खाजऱ्या मुलांना त्यापासून लांब ठेवलेले बरे. आणि बांधावरचे गाजर गवत! पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास पुण्यात ते प्रथम नजरेस आले आणि पुढल्या वीस वर्षांत त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्या-मानेवर उठवलेल्या इसबाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली. ते उपटताना हात झाकावेत आणि ॲलर्जीच्या लेकराला शेजारी उभे करू नये.

हे सारे लिहिण्याइतके गंभीर आहे का, असे विचारणाऱ्यांना मी सिडनीतली घटना सांगतो. भारतातून तिकडे गेलेल्या एका जोडप्याची मुलगी चार महिन्यांची असताना तिला इसब झाला. वडील स्वतः होमिओपॅथ. इसब वाढत गेला, फुटक्या कातडीतून जंतू शिरले, अन्नातली शक्ती कातडी भरण्यातच खर्च होऊ लागली. मे २००२ मध्ये ती नऊ महिन्यांची असताना गेली. २००९ मध्ये न्यायालयाने आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. इसबाने मूल मरते, यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. मरते ते त्यात शिरलेल्या जंतूंनी. मधाच्या रंगाची खपली, पू, एकाएकी उठलेले दुखरे बारीक फोड, ताप, किंवा वजन न वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळ्यांचा आणखी एक आठवडा थांबू नये, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा.

आमच्यासारख्या गावी त्वचारोगतज्ज्ञ दाराशी नसतो. जवळचा डॉक्टर अनेकदा होमिओपॅथच असतो. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून, एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. ॲलोपॅथीच्या संघटनांचा त्याला विरोध आहे आणि नोंदणीवरून वाद चालू आहे. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण त्याचा एक अर्थ आईने ध्यानात घ्यावा. ज्या टेबलावर ग्रॅफाइटिसची बाटली आहे, तिथला डॉक्टर हा अभ्यासक्रम केलेला असेल तर सौम्य स्टेरॉइडचे मलमही तोच लिहू शकतो. 'दाबू नका' असे तो म्हणाला, तर "तुम्ही तो कोर्स केलाय का, आणि त्यात इसबाला काय लावायला शिकवलं?" एवढे त्याला विचारायला हरकत नाही.