चाक निघालं, पण पार्ट मिळेना!

मैत्रिणींनो, स्कूटरने आपल्याला काय दिलं हे वेगळं सांगायला नको. मुलांची शाळा, दळण, बँक, सासूबाईंचा दवाखाना, बचत गटाची मीटिंग, सगळं तिच्याच जिवावर. पण तीच स्कूटर गॅरेजमध्ये गेली की आपण पर्स धरून बाजूला उभ्या. ‘‘काय झालंय हो?’’ विचारलं की ‘‘लायनर गेलंय, ताई,’’ एवढंच उत्तर. लायनर म्हणजे काय, ते गेलं म्हणजे नक्की काय झालं, हे काही कुणी सांगत नाही.

मी वाईत राहते. गटांच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा तरी पसरणी घाट चढून पाचगणीच्या बाजूला जाते. चढताना काही वाटत नाही, परीक्षा असते ती उतरताना. मोटारसायकलला खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडी आवरतं. आपल्या बिनगिअरच्या स्कूटरला ती सोय फारशी नाही, सगळा भार ब्रेकवर. यंदा उन्हाळ्यात ब्रेक दाबला की मागून खर्र आवाज यायला लागला. बऱ्याच स्कूटरना मागच्या चाकापाशी, ब्रेकची केबल जिथे जोडलेली असते तिथे, एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण शेजारच्या खुणेपर्यंत पोचला, की ब्रेक शू बदलायची वेळ आली असं समजायचं. माझा पोचला होता.

नेहमीचा मेकॅनिक लग्नासाठी गावी गेलेला, दुसऱ्याकडे आठ दिवसांची रांग. हे काम मी पूर्वी दोनदा, शेजारी स्टूल टाकून, अगदी नीट पाहिलेलं होतं. म्हटलं, घरीच करू. आमचे ‘हे’ म्हणाले, ‘‘ब्रेकशी खेळ नको.’’ मी म्हटलं, ‘‘खेळत नाहीये, बदलतेय. तुम्ही फक्त ब्रेक दाबून धरा.’’ कारण चाकाचा मोठा नट सोडवताना चाक फिरता कामा नये.

काम म्हणाल तर दिवाळीच्या साफसफाईपेक्षा सोपं. आधी सायलेन्सर उतरवायचा, मग मोठा नट, मग चाक ओढून काढायचं. आत अर्धचंद्रासारखे दोन शू दोन स्प्रिंगांनी एकमेकांना धरून बसलेले असतात. शूच्या पाठीवरचा खरखरीत थर म्हणजे लायनर. माझा पार पातळ झाला होता. आत साठलेली काळी भुकटी मात्र तोंडाने फुंकायची नाही हं! लायनरमध्ये पूर्वी ॲस्बेस्टॉस वापरत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. नाकाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.

इथवर तासाभरात झालं. पुढचे अकरा दिवस गेले ते योग्य पार्ट मिळवण्यात.

जुने शू नमुना म्हणून पिशवीत घालून मी बाजारातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने पिशवीत डोकावलंसुद्धा नाही. ‘‘वहिनी, साहेबांना पाठवा, त्यांना बरोबर समजेल.’’ साहेबांना पाना कोणत्या बाजूने धरायचा हे मीच दाखवलंय, पण ते त्यांना कशाला सांगू? मी शू काउंटरवर ठेवले. त्यांनी फक्त गाडीचं नाव विचारलं, फळीवरून पाकीट काढलं, एकशे ऐंशी रुपये घेतले. बिल नाही.

घरी आणून बसवले, तर चाक आत जाईना. केबलचा नट पूर्ण ढिला करून पाहिला, तरी नाही. लायनरचा थरच जाड होता. परत गेले. बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी दुसरं पाकीट दिलं. ते चाकात गेलं, पण स्प्रिंग अडकवायचं भोक जुन्या शूपेक्षा आतल्या अंगाला. मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं, चांगला दोन मिलिमीटरचा फरक. स्प्रिंग सैल लोंबत होती. तुम्ही म्हणाल, दोन मिलिमीटरने काय बिघडतं? ब्रेक सोडल्यावर शूला मागे खेचते ती हीच स्प्रिंग. ती सैल राहिली की शू ड्रमला घासत राहतो, ड्रम तापतो, ब्रेक धरेनासा होतो. हे पसरणी घाटात, मागे कुणाची तरी लेक बसलेली असताना व्हायला नको.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मी शांतपणे म्हटलं, ‘‘भाऊ, मग मला बिल द्या.’’ २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आम्ही गटांच्या बैठकीत वाचतो. बिल न देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापार प्रथा. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं हीसुद्धा तीच. पाकिटावर किंमत होती, पण बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, तेही दाखवलं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे, म्हटलं. पैसे परत मिळाले, चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

मग एसटीने सातारा. तिथे कंपनीच्या अधिकृत दुकानातल्या मुलीने (हो, मुलगीच होती, आणि काय चटपटीत!) पहिला प्रश्न केला, ‘‘चेसिस नंबर आहे का, काकू?’’ तो आरसी बुकावर असतो. तिने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं की याच नावाच्या गाडीला आधीच्या वर्षांत एक शू होता, नंतर दुसरा. वाईत मला गाडी कोणत्या साली घेतली हे कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं! सगळ्या घोळाचं मूळ हेच होतं. पार्ट शिल्लक नव्हता, मागवावा लागला, सहा दिवसांनी आला. पैसे तिनशेच्या वर गेले, पण नवीन स्प्रिंगांसकट आणि पक्क्या बिलासकट. पार्ट नंबर मी बिलावरून आरसीच्या प्लॅस्टिक कव्हरात लिहून ठेवलाय.

बसवताना शू जिथे टेकतो त्या खिळीला ग्रीसचं नुसतं बोट लावलं, लायनरला थेंबही लागू दिला नाही. चाक एका झटक्यात आत गेलं, जसं काही घरीच आलं. केबल जुळवली आणि सपाट रस्त्यावर बरेच फेरे मारून, हळूहळू दाबत ब्रेक बसू दिला. चार दिवसांनी घाट उतरले. खर्र नाही, काही नाही.

एक गोष्ट तेवढी राहिली. सायलेन्सर जिथे इंजिनला जोडतो, तिथली गोल गॅस्केट काढल्यावर नवी घालावी लागते. वस्तू बांगडीएवढीसुद्धा नाही, पण सुटी मिळत नाही. सध्या जुनीच घातलीय, त्यामुळे गाडी गल्लीत शिरली की फटफट आवाजाने सासूबाईंना मी आल्याचं आधीच कळतं. दुकानदार म्हणालेत, ‘‘सोमवारी येईल, वहिनी.’’ कोणत्या सोमवारी, ते नाही सांगितलं.