आधी प्रीती, मग शिष्य: ख्रिस्ती शिष्यत्वाचा पाया नेमका काय?

वरळीच्या बीडीडी चाळीत शेजारी टाळायची सोयच नव्हती. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या इमारतींत मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सगळ्या मजल्यासाठी सामायिक संडास. कोणाच्या घरी काय शिजतंय, कोण आजारी आहे, हे लपून राहत नसे.

पण भिंतीला भिंत लागली म्हणून मनं जुळतातच असं नाही. ५ जानेवारी १९७४ रोजी इथे दलित पँथरची सभा झाली आणि त्यानंतर वरळीत दंगल पेटली. एकाच वसाहतीत राहणारे सवर्ण आणि दलित बौद्ध रहिवासी समोरासमोर आले. जवळ राहूनही जात मध्ये उभी होती.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही येशूची शिकवण अनेकांना माहीत असते. ती किती अवघड आहे, हे अशा ठिकाणी कळतं. मग ख्रिस्ती माणसाने ही प्रीती आणायची कुठून?

सुरुवात कोण करतं?

ख्रिस्ती विचाराचं उत्तर असं: सुरुवात माणूस करत नाही, देव करतो. माणूस चांगला वागला, म्हणून देव प्रेम करू लागला, असा हा क्रम नाही. देवाने आधीच प्रेम केलं आहे आणि माणसाचं प्रेम हा त्याला दिलेला प्रतिसाद आहे. नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा हाच गाभा आहे.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात या प्रेमासाठी प्रामुख्याने ‘अगापे’ हा शब्द येतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘प्रीती’ असा शब्द आहे. ही प्रीती केवळ मनात उचंबळणारी भावना नाही. समोरच्याची लायकी न मोजता त्याचं भलं करायचं, असा तो निश्चय आहे.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, असं योहानाच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. गुरूने शिष्याचे पाय धुवायचे, ही उलटी गोष्ट होती. त्यानंतरच त्याने शिष्यांना एकमेकांवर प्रीती करायला सांगितलं. म्हणजे आधी मिळालं, मग मागितलं.

प्रेम फुकट मिळतं, मग कष्ट कशाला?

हा प्रश्न जुनाच आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ साली शिष्यत्वावर लिहिलेल्या पुस्तकात त्याला थेट हात घातला. आयुष्यात काहीच न बदलता देवाची कृपा गृहीत धरणं, याला ते ‘स्वस्त कृपा’ म्हणत. ही कृपा विकत मिळत नाही, पण ती स्वीकारणाऱ्याचं सगळं आयुष्य मागते, असं त्यांचं म्हणणं होतं. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल त्यांना एप्रिल १९४५ मध्ये फाशी देण्यात आली.

महाराष्ट्रात हे कोणी जगून पाहिलं?

याचं ठळक मराठी उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक. चित्पावन ब्राह्मण घरातल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा, विशेषतः शत्रूवरही प्रेम करण्याच्या शिकवणीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता.

याची किंमत घरानेही मोजली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळंओवळं लगेच सुटलं नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केले, हा विचार पटल्यावर मात्र त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात ही सगळी वाट त्यांनी मोकळेपणाने सांगितली आहे. त्यांच्यासाठी प्रीतीची पहिली परीक्षा स्वयंपाकघरातच झाली.

टिळक ख्रिस्ताला गुरू आणि माउली अशा दोन्ही नात्यांनी पाहत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. शिष्य कोण, हे चर्चच्या वहीत नाव आहे की नाही यावर नव्हे, तर ख्रिस्तावरच्या प्रेमावर ठरावं, हा त्यामागचा विचार. १९१९ मध्ये टिळक वारले आणि हा प्रयोग फार वाढू शकला नाही.

शेजारी म्हणजे कोण?

हाच प्रश्न येशूला विचारला गेला, तेव्हा त्याने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला धर्माधिकारी टाळून जातो आणि ज्यांच्याशी यहुद्यांचं वैर, त्या शोमरोनी समाजातला माणूस त्याला उचलतो. गोष्टीच्या शेवटी येशू प्रश्नच फिरवतो: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? या अर्थाने शेजारी असावा लागत नाही, व्हावा लागतो.

वरळीत आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खोली मोठी झाली, संडास घरात आला, ही मोठीच सोय. पण आता दार लावलं की शेजारी दिसणारही नाही. ख्रिस्ती शिष्यत्वाची कसोटी त्या दारापाशीच लागते: ज्याला वाटतं की आपल्याला काही न मागता प्रेम मिळालं, तो ते कोणासाठी उघडतो?