पॅसिफिक इंजिने : दोष आणि दुरुस्ती

आपल्या दीपनगरास कोळशाने भरलेल्या मालगाड्या रात्रंदिवस येत असतात. त्या कोळशाने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्रे फिरतात व त्यांपासून वीज निर्माण होते, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु एके काळी हीच वाफ आगगाड्याही ओढीत असे. मुंबईहून इगतपुरीपर्यंत विजेची इंजिने 1930 सालीच धावू लागली होती. तथापि इगतपुरीच्या पुढे मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या टापूत त्यानंतरही कित्येक वर्षे वाफेचेच राज्य होते. त्या काळातील एका इंजीन-कुलाची हकीकत आज सांगावयाची आहे. हे कुल मोठ्या आशेने निर्माण झाले, त्याने घोर अनर्थ ओढविला आणि पुढे दुरुस्त होऊन ते दीर्घकाळ उपयोगी पडले.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातील रेल्वे कंपन्यांपुढे कोळशाचा प्रश्न उभा राहिला. उत्तम कोळसा महाग, आणि स्वस्त कोळशात राख फार. असा कोळसा जाळावयाचा तर भट्टी रुंद हवी. पण जुन्या इंजिनांची भट्टी मोठ्या चाकांच्या मध्ये दाटीने बसविलेली असल्यामुळे तिला रुंदी मिळत नसे. यावर तोडगा असा की, भट्टी मोठ्या चाकांच्या मागे न्यावी आणि तिच्याखाली दोन लहान चाके द्यावी. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी व मागे दोन लहान, अशी ज्याची रचना असते त्या इंजिनास पॅसिफिक म्हणतात. 1924 च्या सुमारास नेमलेल्या समितीने या रचनेचे तीन नमुने ठरविले. हलक्या रुळांसाठी एक्स-ए, मध्यम रुळांसाठी एक्स-बी व भारी रुळांसाठी एक्स-सी अशी त्यांची नावे होती. इंग्लंडातील व्हल्कन फाउंड्री आदी कारखान्यांतून 1927 पासून ही इंजिने येऊ लागली आणि तिन्ही मिळून त्यांची संख्या 284 झाली.

ताकदीत ती उणी नव्हती. मात्र वेग वाढला की ती डोलू लागत. त्यांचे पुढील तोंड एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे नागमोडी झोके घेई. बालमित्रहो, आपल्या खानदेशात बैलगाडीचे चाक आसावर सैल झाले म्हणजे गाडी कशी हेलकावते, हे तुम्ही ऐकले वा पाहिले असेल. येथे तर शंभर टनांहून अधिक भाराचे इंजीन व त्याचा टेंडर यांचे हेलकावे होते! प्रत्येक झोक्यासरशी रुळास बाजूने धक्का बसे. उन्हाळ्यात खडी घट्ट असते, तेव्हा रूळ तो धक्का सोशी. पण पावसाळ्यात खडीखालची माती मऊ झाली म्हणजे तोच रूळ वाकडा होई. मग वाकड्या रुळावर इंजीन अधिक डोले, आणि डोलणाऱ्या इंजिनाखाली रूळ अधिक वाकडा होई.

तक्रारी पुष्कळ झाल्या. इंजीनखात्याचे लोक म्हणत, रस्ता कच्चा आहे. रस्ताखात्याचे लोक म्हणत, इंजीन सदोष आहे. किरकोळ फेरफार झाले, पण मूळ दोष राहिला. शेवटी 17 जुलै 1937 रोजी बिहार प्रांतात पाटण्याजवळ बिहटा येथे पंजाबकडून हावड्यास जाणारी एक्स्प्रेस गाडी रुळांवरून घसरली. तिला एक्स-बी जातीचे इंजीन जोडलेले होते. डब्यांचा चुराडा झाला व शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली.

या अनर्थाने साऱ्या देशात हळहळ पसरली. चौकशी होऊन सरकारने पॅसिफिक इंजिनांसाठी स्वतंत्र समिती नेमली. अध्यक्ष कर्नल माउंट होते. सुप्रसिद्ध इंजीन-रचनाकार विल्यम स्टॅनियर हे सभासद होते, आणि एक फ्रेंच तज्ज्ञही त्यांच्याबरोबर होता. 1938 च्या अखेरीस ही मंडळी हिंदुस्थानात आली. त्यांनी इंजिनांवर हालचाल नोंदविणारी यंत्रे बसवून प्रत्यक्ष गाड्या चालवून पाहिल्या.

निष्कर्ष असा निघाला की, दोन्ही खात्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. रस्ता काही ठिकाणी दुबळा होता आणि इंजीनही चंचल होते. बॉयलर, सिलिंडर अथवा मोठी चाके यांत हा दोष नव्हता. पुढील लहान चाकांच्या गाड्यास बाजूला सरकताना आवरून धरणाऱ्या स्प्रिंगा फार मऊ होत्या. मागील चाकांच्या हालचालीस पुरेसा अटकाव नव्हता. आणि इंजीन व टेंडर यांमधील जोड सैल होता. थोडक्यात, बळ होते, पण संयम नव्हता. पुरेशी कसोटी न पाहता एवढी इंजिने मागविली गेली, ही चूकही उघड झाली.

आता 284 इंजिने मोडीत काढावयाची काय? तसे करण्याचे कारण उरले नव्हते. पुढच्या गाड्यास ताठ स्प्रिंगा दिल्या, मागील चाकांना घर्षणाचा अटकाव केला, टेंडरचा जोड घट्ट केला. अशा दुरुस्तीनंतर तीच इंजिने स्थिर चालू लागली व त्यांतील काही तर 1970 च्या दशकापर्यंत कामावर होती. या चुकीपासून मिळालेला धडा पुढील रचनेसही उपयोगी पडला. 1947 साली अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून डब्ल्यू-पी नावाची नवी पॅसिफिक इंजिने आली. आधी केवळ 16 नमुन्यादाखल मागवून नंतर मोठी मागणी केली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या जातीची एकंदर 755 इंजिने झाली. त्यांपैकी 259 आपल्याच देशात चित्तरंजन येथे बांधली गेली. निमुळत्या तोंडाचे व त्यावर तारा असलेले हे इंजीन भुसावळच्या जुन्या रेल्वे सेवकांच्या चांगले स्मरणात आहे. त्यांतील पहिले, 'आझाद' नावाचे, अद्याप जतन करून ठेविले आहे. मोठ्या रुळांवरील वाफेची नित्य वाहतूक मात्र 1995 साली संपली.

मुलगा परीक्षेत अथवा वर्तनात घसरला म्हणजे शाळा घराकडे बोट दाखविते व घर शाळेकडे. रस्ता व इंजीन यांचे भांडण ते हेच. तोपर्यंत मूल मात्र डोलतच राहते. आपापल्या वाट्याचा दोष कबूल करण्यास बिहट्यासारखा प्रसंग यावा लागू नये. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील एखादा चुकला तर तो टाकाऊ झाला, असे कोणी म्हणू नये व त्यानेही तसे मानू नये. बहुधा त्याचे बळ शाबूत असते. एखादा सांधा तेवढा सैल झालेला असतो. हरवलेल्या एका मेंढराच्या शोधार्थ रानात जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकतो. त्यातील शिकवणही याहून निराळी नाही.